पूल ओलांडल्याचा निरोप

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. मी गाडीची नंबर पाटी. रंगाने पिवळी, अक्षरं काळी, डावा कोपरा जरा वाकलेला. तो कोपरा एका म्हशीने वाकवला. त्याबद्दल याहून जास्त बोलायला मला आवडत नाही.

माझा जन्म कामशेतला बजरंग पेंटरच्या टपरीत झाला. पत्रा कापून, घासून त्याने मला दोन हात पिवळा रंग दिला आणि उन्हात टेकवून ठेवलं. टाकवे बुद्रुकचे बाजीराव नवी जीप घेऊन दारात उभे होते. बजरंगने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि विचारलं, "भाऊ, आकडे मराठीत काढू का? लय ठसठशीत दिसत्यात."

"नगं. पोलीस धरत्यात," बाजीराव म्हणाले. "इंग्रजीच काढ. पर आठाचं पोट जरा गोल ठेव."

बजरंगने ते असं काही गोल काढलं की तेव्हापासून मला माझ्या आठाचा अभिमान आहे. थोडा जास्तच आहे, असं मागच्या बाजूला लावलेली माझी जुळी बहीण म्हणायची. पण तिच्या वाट्याला जन्मभर धूळ आली, तेव्हा तिचं बोलणं मी मनावर घेतलं नाही.

आमची जीप आंदर मावळातल्या माणसांची. वरच्या गावांना दिवसातून एखाददुसरी एसटी. ती चुकली की लोक रस्त्याकडेला आमची वाट बघत उभे राहायचे. शाळेची मुलं, तांदळाची पोती, बाळंतीण होऊन माहेरी निघालेल्या मुली, कोंबड्या, एकदा तर नवरदेवही आमच्या जीपमधून गेला. निघायच्या आधी बाजीराव पुढे यायचे, माझ्यावर दोन बोटांनी टक टक करायचे आणि म्हणायचे, "चला." त्यानंतरच चावी फिरायची. ती टकटक झाली नाही तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

आता एक दुःखाची गोष्ट सांगते. एवढी वर्षं राबूनही मला कुणी कधी वाचलं नाही. लोक जीपला ओळखायचे ते काचेवरच्या निळ्या 'जय भीम'वरून, नाहीतर भसाड्या हॉर्नवरून. माझ्याकडे बघायचं कुणाला काम पडायचं? मी अंगावर आकडे लेवून सर्वांच्या पुढे असायची आणि तरीही कुणाच्या खिजगणतीत नसायची.

मग नदीवर नवा पूल झाला. पुलाला टोल लागला, पण टोलनाका नव्हता. खोली नाही, आडवा दांडा नाही, "सुट्टे द्या" म्हणणारा माणूस नाही. पुलाच्या तोंडाशी नुसती एक उंच लोखंडी कमान आणि तिच्यावर कॅमेरे. कॅमेरा गाडीची पुढची पाटी वाचतो, आणि गाडी ज्याच्या नावावर असेल त्याच्या फोनवर बिल जातं.

पहिल्या दिवशी बाजीरावांनी कमानीखाली गाडी थांबवली. खाली उतरले, हातात नोटा धरल्या आणि इकडेतिकडे बघत उभे राहिले. मागे पाच गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"अवो भाऊ, निगा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"निगतो की. पर पैशे कुणाच्या हातात द्यायचं, त्ये तरी सांगा!" बाजीराव म्हणाले.

शेवटी त्यांनी त्या नोटा कॅमेऱ्याला नीट दाखवल्या, खिशात ठेवल्या आणि गाडी काढली. फुकट गेलो असा ठपका येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. गावात महिनाभर यावरून त्यांची चेष्टा चालली. पण मी मात्र त्या दिवशी फार सुखात होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी वाचलं होतं, आणि तेही आठासकट अगदी अचूक.

बाजीरावांची मुलगी रेणुका कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तिने वडिलांच्या फोनमध्ये सगळं बसवून दिलं. बिल आपोआप भरलं जायचं आणि पुलाचा मेसेज आला की फोनमधून चिमणीचा चिवचिवाट व्हायचा. तो आवाज तिनेच निवडला होता.

मागच्या हिवाळ्यात बाजीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात आणि डावा पाय रुसून बसले. अंगणातल्या खाटेवरून उठून नळापर्यंत जायचं म्हटलं तरी त्यांना दम लागायचा. जीप महिनाभर उभी राहिली. माझ्यावर कोळ्याने जाळंसुद्धा विणलं. मग एका सकाळी रेणुकाने चावी उचलली. गाडी चालवायला तिला बाजीरावांनीच शिकवलं होतं, पण ती शेतापर्यंत आणि परत.

"हायवेला डंपर हायेत. लोणावळ्याला जाणारी शहरातली पोरं वाऱ्यागत गाड्या हाकत्यात," बाजीराव म्हणाले. "तुजं काम न्हाई त्ये. गाडी इकून टाकू."

"दसऱ्यापर्यंत चालवू द्या, आण्णा. मग तुमी म्हणाल तसं," रेणुका म्हणाली.

बाजीरावांनी चावी परत मागितली नाही. मात्र कामशेतच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी कळवून ठेवलं की दसरा झाल्यावर गाडी बघायला ये. ते बोलणं माझ्या समोर झालं. तेव्हापासून मी दसऱ्याचे दिवस मोजायला लागले. पत्र्यालाही काळजी असते, मित्रांनो.

सुरुवातीला रेणुकाच्या गाडीत बसायला पुरुषमंडळी बिचकली. बायका मात्र पहिल्या दिवसापासून बसल्या. मग पुरुषही आले, कारण ती वेळेवर निघायची आणि वळणावर गाडी हळू घ्यायची. बाजीराव तिला एका शब्दाने चांगलं म्हणाले नाहीत. दिवसभर खाटेवर बसून टोलला नावं ठेवायचे. पण फोन कायम शर्टाच्या खिशात, छातीशी. सकाळी चिमणी बोलली की पोर पुलापार गेली. दुपारी बोलली की अलीकडे आली. मग ती वरच्या गावांना माणसं सोडून चारच्या सुमारास घरी यायची. तिकडे डोंगरात फोनला रेंज नसते, पण दुपारची चिमणी बोलली की बाजीरावांना त्याची काळजी नसायची. वरचे रस्ते रिकामे, तिथे डंपर नाहीत. रेणुकाची आई हिराबाई शेजारणीला सांगायच्या, "दुपारची चिमणी वरडल्याबिगर ह्ये भाकरीला हात लावत न्हाईत. आन् वरून म्हनत्यात, मला भूकच न्हाई."

दसऱ्याचा दिवस उजाडला. भाताला लोंब्या आल्या होत्या. हिराबाई पांढरं पातळ नेसून विहारात वंदनेला गेल्या. रेणुकाने शेजारच्या दत्तोबा आबांची झेंडूची पोती जीपमध्ये भरली आणि आबांना कान्हे स्टेशनबाहेर नेऊन सोडलं. आबा रोज तिथे फुलं विकतात, त्या दिवशी तर झुंबड होती. जाताना पुलावर कॅमेऱ्याने मला वाचलं. तिकडे घरी चिमणी बोलली.

दुपारपर्यंत फुलं संपली. आबांनी एक जाडजूड माळ मात्र बाजूला ठेवली होती. ती घेऊन ते जीपपुढे आले.

"आबा, आमच्यात गाडीची पूजा करत न्हाईत," रेणुका जरा संकोचून म्हणाली.

"ठावं हाय की मला," आबा म्हणाले. "मी गाडीची करतच न्हाई. तू इतकं म्हैनं माजी फुलं टायमावर पोचवलीस, त्याची करतोय."

रेणुका बाजूला झाली. आबांनी बंपरला माळ बांधली, ती दुपदरी होऊन बरोबर माझ्या अंगावर लोंबली. वर एकेका आकड्याला अंगठ्याने हळदकुंकू. माझ्या आठाच्या पोटात तर त्यांनी कुंकू अगदी भरून लावलं. मी एवढी फुगले की विचारू नका. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी फूल आणलं नव्हतं.

परत येताना आम्ही कमानीखालून गेलो. कॅमेऱ्याने बघितलं. त्याला झेंडू दिसला, मी दिसले नाही. मला ते कळलं होतं, मित्रांनो, आणि तरी मी म्हटलं, एक दिवस नाही वाचलं तर काय बिघडलं? सणाच्या तोऱ्यात मला बाजीरावांच्या खिशाची आठवणच झाली नाही. त्याची लाज मला आजही वाटते. रेणुका तर बिचारी समोर बघून गाडी चालवत होती. आम्ही पूल उतरून, घराकडे न वळता, सरळ वरच्या गावांकडे निघून गेलो.

घरी काय झालं ते बाजीरावांकडून ऐकून हिराबाईंनी नंतर अंगणात सगळ्यांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. एक वाजला, चिमणी बोलली नाही. दीड वाजला. बाजीरावांनी रेणुकाला फोन लावला, तर तो लागेना. हिराबाई विहारातच होत्या. बाजीरावांच्या मनात डंपर यायला लागले. दोन वाजता त्यांनी काठी घेतली आणि नळापर्यंत जाऊन दम खाणारा तो माणूस पुलाच्या वाटेला लागला. पूल घरापासून चांगला दीड किलोमीटर आहे.

चार वाजता आम्ही घरी आलो. खाट रिकामी. रेणुकाने आत हाक मारली, मागे जाऊन बघितलं. फोन लावावा तर तिच्या फोनची बॅटरी वरच्या गावातच संपली होती. अंगणात बाजीरावांची एकच चप्पल पडली होती, डावी. पाय ओढत निघताना ती निसटली असणार आणि त्यांना समजलंही नसणार. रेणुकाने ती चप्पल उचलून सीटवर ठेवली आणि गाडी वळवली. धुळीत काठीच्या खुणा पुलाच्या दिशेने गेल्या होत्या, त्यांच्या मागे आम्ही निघालो.

बाजीराव आम्हाला पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी दिसले. कठड्याच्या दगडावर बसलेले, एक पाय अनवाणी, आमच्याकडे पाठ. नजर पलीकडून येणाऱ्या रस्त्यावर. एक गाडी आली की ते पुढे झुकायचे, तिची पाटी बघायचे, आणि पुन्हा मागे टेकायचे. टेम्पो आला, बघितलं. मोटार आली, बघितलं. ज्या माणसाने मला आयुष्यात कधी धड वाचलं नव्हतं, तो येणाऱ्या प्रत्येक गाडीवर मला शोधत होता. आणि मी त्याच्या पाठीमागे फुलांत तोंड लपवून उभी होते. त्या वेळी मला रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

"आण्णा!"

बाजीराव वळले. तिच्याकडे बघितलं, मग पलीकडच्या रस्त्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"तू हिकडनं कशी आलीस?"

"मी कवाच पूल वलांडला, आण्णा. वर माणसं सोडून घरी आले, तर तुमी न्हाई."

"मग चिमणी का न्हाई बोलली?"

बाजीराव काठी टेकत जीपच्या पुढे आले. माझ्यापुढे उभे राहिले, काठी बंपरला टेकवली, उजव्या हाताने माळ उचलून वर टाकली आणि माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी शर्टाचं टोक धरलं आणि माझा एकेक आकडा पुसला. आठाच्या पोटातलं कुंकू काढायला त्यांना बराच वेळ लागला.

"आबानी बांधली," रेणुका हळूच म्हणाली. "मला न्हाई म्हनवंना."

"बरं क्येलंस. म्हाताऱ्यानं जीव लावून बांधलीया. तोडू नगंस, वर बांध बॉनेटला." त्यांनी शर्टाचं कुंकवाने माखलेलं टोक सोडलं. "नऊ म्हैनं मी चिमणीवर इस्वास ठिवला, रेणू. तुज्यावर ठिवाया पायजे हुता."

रेणुकाने खाली बसून त्यांच्या पायात चप्पल घातली. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या पावलावर पडलं. बाजीराव आजारपणानंतर पहिल्यांदा जीपमध्ये चढले, पण स्टिअरिंगच्या बाजूला नाही. शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "पल्याड जाऊन म्हागारी घे. मला बगू दे तू कशी चालवतीस."

आम्ही कमानीखालून गेलो. कॅमेऱ्याने मला स्वच्छ वाचलं, आणि बाजीरावांच्या खिशात चिमणी बोलली. बाजीराव हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. पूल संपेपर्यंत ते तिच्या हाताकडे बघत होते.

"त्या कामशेतवाल्याला फोन लाव," ते म्हणाले. "म्हनावं, गाडी इकायची न्हाई."

गंमत म्हणजे त्या दुपारचं राहिलेलं बिल तिसऱ्या दिवशी आलं. कुणीतरी माणसाने फोटो मोठा करून झेंडूच्या फटीतून मला वाचलं असावं. रेणुका घरात चहा पीत असताना चिमणी अचानक चिवचिवली. "आली बया एकदाची," बाजीराव म्हणाले, आणि हिराबाई पोट धरून हसल्या.

पुढे सरकारी नियमाप्रमाणे जुन्या गाड्यांना नव्या पाट्या लावायच्या ठरल्या. माझ्या जागी चकचकीत, शिक्क्याची पाटी आली. तिचा आठ अगदीच सपाट पोटाचा आहे, पण ते असो. नंबर माझाच आहे. मला आणि बहिणीला काढलं, तेव्हा वाटलं आता भंगारात जाणार. बहिणीला हिराबाईंनी रांजणावर झाकण म्हणून घेतलं, धुळीतून ती एकदाची सुटली. मला बाजीरावांनी खाटेजवळच्या भिंतीवर, हात पोचेल एवढ्या उंचीवर ठोकायला लावलं.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्या गाडीच्या पाटीवर माती बसली असेल तर पुसा, माळ बांधायची तर जरा वर बांधा. आणि कुठे पोचलात की घरी स्वतः सांगा. हे काम कॅमेऱ्यावर सोडू नका. दसऱ्यापासून रेणुका पूल ओलांडला की गाडी कडेला घेऊन फोन करते, "आण्णा, मी आले अलीकडं." चिमणी तिच्या आधी बोललेली असते, तरीही करते.

आता दुपारचा एक वाजत आलाय. हिराबाईंनी भाकरी वाढून ठेवली आहे. फोन वाजतो, बाजीराव ऐकतात, "व्हय, ये," एवढंच म्हणतात. मग त्यांचा डावा हात खाटेवरून हळूहळू वर येतो, तोच, रुसलेला. त्याला वेळ लागतो, मी वाट बघते. आणि माझ्यावर दोन बोटं पडतात. टक टक.