बस म्हणायचं नाही

“बस, बस, बस!” शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्या कपात साखर घालत होते. माझा चमचा थांबला आणि त्यांच्या खुर्चीमागे उभा असलेला कारभारी बसला. नुसता बसला नाही, वहिनींच्या पावलावर बसला. सत्तर किलोचा ऐवज पायावर आला की माणूस जे करतो, तेच वहिनींनी केलं. कप एकीकडे, बशी दुसरीकडे.

“अगं बाई, उठवा ह्याला!”

“तुम्हीच तर तीनदा सांगितलंत त्याला,” मी म्हणाले. “एकदा सांगितलं असतं तर शेजारी बसला असता.”

कारभारी म्हणजे आमचा कुत्रा. नाव मीच ठेवलं. खरा कारभारी घरात आधीपासून होता, पण तो पहाटे बस घेऊन जायचा आणि संध्याकाळी सहाला उगवायचा. मधले बारा तास घरावर नजर ठेवायला कुणीतरी हवंच होतं. आमच्या ह्यांनी तीस वर्षं बस चालवली, एकच मार्ग, एकच वेळ. बोलणं मोजकं. प्रवाशांशी बोलू नये अशी पाटी बसमध्ये असते, ती ह्यांनी घरीही लावून घेतली होती.

कारभारीही बसमध्येच सापडला. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, तर मागच्या बाकाखाली एक टोपली आणि टोपलीत हे बोचकं. डेपोत सापडलेल्या वस्तूंचं एक कपाट असतं. त्यात छत्र्या, डबे आणि कुणाची तरी कवळी होती. तिथल्या वहीत ह्यांनी नोंद केली, ‘पिल्लू, एक. रडते.’ आठवडाभर कुणी विचारायला आलं नाही, तेव्हा हे टोपली घेऊन घरी आले.

“चार दिवसांचा प्रश्न आहे,” म्हणाले.

ते चार दिवस नऊ वर्षं चालले.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लाचे पंजे हातात घेतले आणि हसल्याच. “ह्यानं बूट मोठ्या मापाचे घालून ठेवलेत. आता त्या मापाचा होणार हा. कळपाची राखण करायची, लांडग्याला पळवून लावायचं, अशी जात आहे ही. तुमचं घर केवढं?”

“दोन खोल्या,” मी म्हणाले.

“मग आता दीड समजा.”

त्यांनी नियमांची यादीच दिली. वर्षभर जिना चढू द्यायचा नाही, हाडं कोवळी असतात. जेवण एकदम नाही, तीन वेळा थोडं थोडं. भांडं स्टुलावर ठेवायचं. जेवल्यावर तासभर धावपळ नाही, ह्या जातीच्या पोटाला पीळ पडतो आणि मग देवही वाचवत नाही. आमच्या लग्नाची तारीख ज्यांना दरवर्षी मी सांगावी लागते, त्या माणसाने ही यादी तोंडपाठ केली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या कुत्र्याला गच्चीच्या जिन्यावरून कडेवर घेऊन उतरणारा नवरा पाहिला आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

ह्यांनी त्याला शिकवला तो एकच शब्द. तळहात खाली दाखवायचा आणि म्हणायचं, “बस.” कारभारीने तो असा पक्का केला की विचारू नका. पण ड्रायव्हरच्या घरात हा शब्द शिकवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. “बस लेट झाली” म्हटलं की हा बसणार. “बस झालं तुझं” असं मी लेकीला ओरडले की हा बसणार. पाहुण्यांना “बसा ना” म्हटलं की पाहुणे आणि कारभारी एकदमच टेकणार. सहा-सात वर्षं आम्ही ह्यावर पोट धरून हसलो.

मग त्याचे मागचे पाय गेले. एकदम नाही, हळूहळू. फरशीवर घसरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी खुब्याचा फोटो काढला, उजेडापुढे धरला. “झिजलाय. थोडं चालू दे, पण ह्याची उठबस कमी करा. बसताना आणि उठताना ह्याला काय होतं ते हा सांगत नाही, एवढंच.”

त्या संध्याकाळी हे आले आणि गणवेशही न उतरवता म्हणाले, “आजपासून ह्या घरात तो शब्द बंद.”

“कुठला?” लेकीने विचारलं.

ह्यांनी कारभारीकडे पाहिलं. मग वर्तमानपत्राच्या कडेला दोन अक्षरं लिहिली आणि आमच्यापुढे सरकवली.

शब्द सोडणं सोपं वाटतं. करून बघा! ताटात वाढताना ‘पुरे’ म्हणायचं जिभेवर येईपर्यंत लेकीच्या पानात दोन डाव जास्त पडायचे. पाहुण्यांना मी “टेका ना” म्हणायला लागले, तेव्हा माझ्या भावाने मला काही झालंय का, असं ह्यांना बाजूला घेऊन विचारलं. हे बसला ‘गाडी’ म्हणायचे. डेपोतून फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे. मोडीत काढलेल्या बसमधली रेघांची रबरी पट्टी आणून ह्यांनी पलंगापासून थेट फाटकापर्यंत अंथरली, म्हणजे पाय घसरायला नको. जुन्या सीटचा फोम त्याच्या अंगाखाली. सीटच्या पट्ट्याची झोळी केली. ती पोटाखालून घ्यायची आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं. आमच्या घरात माणसं उतारूंसारखी आणि कुत्रा पास काढल्यासारखा राहत होता.

एक दिवस लेकीच्या हातून स्वयंपाकघरात पातेल्यांची उतरंड कोसळली. शेजारच्या वहिनी धावत आल्या. कारभारी त्यांच्या वाटेत झोपला होता. त्याचा कानही हलला नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्यामागे टाळ्या वाजवून पाहिल्या. “ह्याला ऐकू येत नाही. वर्ष तरी झालं असेल. तुमच्या लक्षात नाही आलं?”

येणार कसं? हनुवटी त्या रबरी पट्टीवर टेकून असायचा. जमीन थरथरली की कोपऱ्यावरून ह्यांची बस डेपोकडे वळली हे त्याला कळायचं, आणि हा फाटकाकडे निघायचा.

“म्हणजे वर्षभर आपण उगाच ‘टेका, टेका’ करत होतो?” लेक म्हणाली, आणि आम्ही दोघी दवाखान्यातच हसत सुटलो.

“उगाच नाही,” हे म्हणाले. आणि खरंच, त्यानंतरही घरात तो शब्द कुणी काढला नाही.

निघताना डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या, “ज्या दिवशी झोळीनेही उठणार नाही, त्या दिवशी मला बोलवा. आपल्यासाठी त्याला ओढत ठेवायचं नाही.”

“माझे चार महिने राहिलेत,” हे म्हणाले.

“तुमचे?”

“नोकरीचे. रोज सहाला तो फाटकात उभा असतो. शेवटच्या दिवशी फाटक रिकामं नको.” एवढं लांब वाक्य मी ह्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं. मी बाहेरच्या खिडकीकडे तोंड केलं.

चार महिने आम्ही तिघांनी मिळून त्याला उभा केला. सकाळी मी आणि हे, संध्याकाळी मी आणि लेक. माझी कंबर धरली, लेकीचा खांदा दुखावला, पण फाटक एक दिवस रिकामं राहिलं नाही. हे मी ताठ मानेने सांगते.

शेवटचा दिवस उजाडला. साडेपाचला आम्ही झोळी घातली. तिसऱ्या खेपेला उठला. पट्टीवरून पाय ओढत फाटकापाशी गेला आणि उभा राहिला. सहा वाजले. साडेसहा झाले. डेपोत निरोप समारंभ होता, उशीर होणार हे आम्हाला ठाऊक होतं, त्याला कोण सांगणार? मागचे पाय थडथड उडत होते. लेकीने कमरेवर हात ठेवून त्याला खाली दाबून पाहिलं. छे! राखणीला उभा राहिलेला प्राणी तो, माणूस घरात आल्याशिवाय हलणार नव्हता.

“बस रे बाळा,” मी म्हणाले. “बस ना रे.” दोन वर्षांत पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडून गेला, आणि त्याला ऐकू आला नाही.

सात वाजता रस्ता थरथरला. ह्यांच्या जागी आलेल्या नव्या ड्रायव्हरने मार्ग सोडून बस थेट आमच्या दारात आणली होती. हे उतरले, गळ्यात हार, हातात नारळ. दोन्ही माझ्याकडे दिलं. फाटक उघडून कारभारीच्या समोर गुडघे टेकले, अगदी तोंडासमोर तोंड नेलं. शेपटी हलली, तिच्या हलण्याने तो स्वतःच डगमगला. ह्यांनी तळहात खाली दाखवला.

“आलो मी,” हे म्हणाले. “झालं. आता बस.”

कारभारीने हाताकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे. आणि हळूहळू, आधी मागचं अंग, मग पुढचं, ह्यांच्या गुडघ्यांवरच खाली आला. ह्यांनी पाय काढून घेतले नाहीत. बस निघून गेली तरी काढले नाहीत.

सकाळी झोळीने तो उठला नाही. ह्यांनीच डॉक्टरीणबाईंना फोन केला. घरातूनच केला, जिन्यात गेले नाहीत.

परवा शेजारच्या वहिनी आल्या. आता हे दिवसभर घरीच असतात, खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होते. मी वहिनींना चहा दिला, साखर घालायला लागले.

“बस, बस,” वहिनी म्हणाल्या, आणि सवयीने त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.