मागच्या चाकातलं रबर

आमचे आप्पा मोटरसायकलच्या मागच्या चाकात राहायला गेले, त्याला कारण माझी हौस. चिखलाच्या शर्यतीतली गाडी मला डांबरी रस्त्यावर हवी होती. दिवे लावले, टायर बदलले, चाकाच्या आतलं धक्का खाणारं रबर तेवढं राहिलं. शर्यतीच्या गाडीला मागच्या चाकात रबर नसतं. चिखलात चाक घसरतं आणि धक्का जिरतो. डांबरावर तो चेनमधून थेट गिअरबॉक्सला बसतो. दस्तगीर मिस्त्रींनी हे बजावलं होतं. रबर गाडीची ओढ खातं, ते म्हाताऱ्यांना लागतं, असं मीच म्हणालो.

आठवड्यात गिअरबॉक्स ओरडायला लागला. आप्पा उठले, सदरा खुंटीला लावला आणि चाकाच्या मधोमध, हबमध्ये शिरले. घरातही त्यांचं काम तेच होतं. माझा आवाज चढला की आईच्या आणि माझ्या मधे ते येऊन बसायचे. आत मावतील का, असं कुणी विचारलं नाही. गाडी मऊ चालू लागली.

फाउंड्रीत जाता-येता मी गाडी पिळायचोच. दर गिअरला आतून आप्पा म्हणायचे, "क्लच हळू सोड की रं."

पुढं तो आवाज बारीक झाला. चाकातून काळा भुगा गळायचा. आई तो झाडून देव्हाऱ्यात ठेवायची. माझ्याशी बोलायची नाही. मला लाज वाटली, गाडी उभी केली. मिस्त्री म्हणाले, चालवली तर रबर झिजतं, उभी ठेवली तर तडकतं. मग मी चालवली.

एका सकाळी नुसता खडखडाट आला. मिस्त्रींनी घरी येऊन चाक खोललं. आत आप्पांच्या करगोट्याचा तुकडा होता.

"दुसरं घालाय लागतंय," मिस्त्री म्हणाले. "घरात मऊ कोण हाय?"

त्यांनी माझ्या दंडावर अंगठा दाबला. रुतला नाही. आईच्या हातावरही नाही. ती एवढ्यात कडक झाली होती. माझी मुलगी रेवा दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. तिच्या गालात अंगठा नखापर्यंत गेला. मिस्त्रींनी तो झटकन काढून घेतला आणि रबराविनाच चाक बसवलं.

मी ठरवलं, गाडी परत चिखलात नेऊन सोडायची. किल्ली घेऊन बाहेर आलो तर मागच्या चाकापाशी रेवाच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. मिस्त्री चाक परत खोलायला पाना लावून रडत होते. नट नुसता जागच्या जागी फिरत होता. चिखलाचं मैदान गावाबाहेर आहे. तिथं चाक घसरेल, तिला काही लागणार नाही. तिथवर सगळा डांबरी रस्ता आहे.

पहिल्याच सिग्नलला थांबावं लागलं. आता हिरवा झालाय. मागचे हॉर्न मारतायत. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच मी मुठीत आवळून धरलाय.

"पप्पा, हळू सोडणार न्हवं?" आतून रेवा विचारते.

माझी बोटं बधिर होत चालली आहेत.