सत्तर टक्क्यांपर्यंत

०%
कमरेएवढा उंच, शंकूसारखा रबरी फेंडर दाबयंत्राखाली बसला. नियम असा: उंचीच्या सत्तर टक्के चेपायचा, तरी तडा जाता कामा नये.

तामलवाडीच्या शेडमध्ये असले बारा तयार होते. परदेशातल्या एका कालव्यात जहाजं पाण्याच्या हौदात घेऊन वर चढवतात. हौदाच्या तोंडाशी हे बसवायचे. धक्का रबरानं खायचा, भिंत वाचवायची.

"पूजा केलेलाच तपासा साहेब," मॅनेजर रणधीर गिऱ्हाइकाच्या तपासनिसाला म्हणाला होता. "शुभ असतंय."

दरवेळी असंच. अकरांत जुन्या टायरचा भुगा, एकात चोख रबर, आणि हळदकुंकू त्या एकालाच. देवाचं नाव काढल्यावर नाही कोण म्हणणार?

हळदकुंकू लावायचं काम दैवशालाचं. यंत्र चालवायचंही तिचंच.

आज तिनं दुसऱ्यालाच लावलं होतं.

१५%
दोन वर्षांपूर्वी एका खेपेचा फेंडर जहाजाच्या पहिल्याच धक्क्याला फुटला. भुगा घालायला लावला रणधीरनं. बोट दाखवलं मिक्सरवरच्या सिद्धारामकडं. दैवशालाचा धाकटा भाऊ. तो आता नळदुर्गजवळ हायवेवर पंक्चर काढतो. ढाब्यावरचे त्याला 'फुटका फेंडर' म्हणून हाक मारतात आणि तो ओ देतो. ती ओ तेव्हापासून दैवशालाच्या कानातून जात नव्हती.

३०%
इथं रबर सगळ्यात जास्त उलटा जोर लावतं.

"लई हळू चालवतीस आज," रणधीर म्हणाला.

"पाव्हणं बघायलेत साहेब. नीट दिसू द्या की."

४०%
इथं ते नमतं. तीही नमली. शेडवर पेटणाऱ्या चाळीस चुली, त्यात एक तिची. बटणावरचं बोट सैल पडलं.

रणधीर तपासनिसाला चहा देत सांगत होता, "मागं एक नालायक होता आमच्याकडं. हाकलला. आता काळजी न्हाय."

बोट पुन्हा रुतलं.

५५%
चर्र.

"बंद कर."

"सत्तरला थांबायचं साहेब. तुमीच शिकवलंय."

७०%
फेंडर उभा फाटला.

"मिक्सिंग कुणाचं?" तपासनिसानं विचारलं.

रणधीरचं बोट सवयीनं उठलं, ह्या वेळी बब्रुवानकडं. दोन वर्षांपासून मिक्सरवर तोच होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"त्याला नका विचारू," दैवशाला म्हणाली. "भुगा ह्यांच्या हुकमानं पडतोय. मागंबी ह्यांच्याच. माझा भाऊ त्यापायी गेला कामावरनं."

"कायबी बडबडती ही," रणधीर हसला. "पुरावा काय?"

"अजून धा फुटतील. अकरावा फुटणार न्हाय. तो कुठला, हे रणधीरसाहेबांनीच सांगावं."

रणधीर हसायचा थांबला. तपासनिसानं चहा खाली ठेवला. "सगळे लावा. एकेक करून."

रणधीर तिच्या कानाशी आला. "तुझंबी पोट ह्याच्यावरच हाय, दैवशाला."

"व्हय," ती म्हणाली, आणि क्रेनवाल्याला पुढचा आणायला हात केला.