गुरुदासने सांगितलेलं बजेट

कोरगावात बजेट कळतं ते गुरुदासच्या दुकानात. काजूच्या बिया विकत घेणारा हा बी.कॉम. माणूस एक फेब्रुवारीला टीव्ही मोठ्याने लावतो आणि दिल्लीचं इंग्रजी भाषण गावाला समजावून देतो. पेन्शनवर कर किती, कुठला धंदा बसणार, सगळं. चूक काढायला एकटे दत्ताराम मास्तर, आणि गेल्या वर्षी ते नेमके मुलीकडे वास्कोला गेले होते.

भाषण संपता संपता गुरुदास म्हणाला, "परदेशी काजूवरचो कर कमी केल्यानी. औंदा बियांचो भाव पडतलो."

भाषणात काजूचं नावसुद्धा नव्हतं! पण हंगाम सुरू झाल्यावर त्याने किलोमागे पंचवीस रुपये कमी दिले, आणि कोणी हुज्जत घातली नाही. सरकारशी कोण भांडणार? "मावशे, माज्या हातात काय आसा?" असं म्हणत तो शेवंतीची पिशवी काट्यावर ठेवायचा. डोंगर पालथा घालून बिया वेचणारी ती साठी उलटलेली बाई उलट त्याचीच समजूत घालायची.

मार्चअखेरीस तिची नात सिद्धी दुकानात आली. मास्तर तिथेच पेपर वाचत बसले होते.

"काका, माका कामाक ठेवशात?"

"तू पणजेक नर्सिंग शिकतंस मगे?"

"सोडलंय. आजी म्हणता, सरकारान काजूचो भाव पाडलो, आता जमाचां नाय."

मास्तरांनी चष्मा काढला. "खंयच्या बजेटात? वास्कोक चेडवाच्या घरी मी अख्खां भाषण ऐकलंय."

"काकांनी सांगलां," सिद्धी म्हणाली. "ते खोटां कित्याक सांगतले?"

गुरुदासला तिच्याकडे बघवेना. मास्तरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुदासा, दिल्लीवाल्यांचो कर छापून येता. तुजो हो पंचवीस रुपयांचो कर खंय छापलो? माजी पेन्शन कमी झाली तर मी अर्ज करीन. शेवंतीन कोणाकडे करूचो?"

त्याच दुपारी गुरुदास शेवंतीच्या दारात उभा राहिला.

"मावशे, सरकारान काय करूक नाय. मीच खोटां सांगलंय. तुजे कापलेले पैसे परत हाडलंय."

तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "माज्या नातीचो महिनो बुडलो रे." तिथून तो प्रत्येक बिया विकणाऱ्याच्या घरी गेला, प्रत्येक दारात तेच बोलला. शरमेने त्याची मान वर होत नव्हती.

सिद्धी पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. यंदाच्या बजेटला ती सुट्टीवर आली होती. माणसं कमी होती, पण शेवंती आली. गुरुदासने पेन्शनचं पहिलं वाक्य समजावलं, तशी म्हातारी नातीकडे वळली.

"खरां मगे गो?"

"खरां, आजये."

दुसऱ्या वाक्याला तेच. तिसऱ्यालाही. गुरुदास प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता, सिद्धीचं 'खरां' आलं की पुढे जात होता.

मित्रहो, बजेट दिल्लीत मांडलं जातं, पण ज्याला ते वाचता येत नाही त्याच्यासाठी आपला शब्द म्हणजेच सरकार असतं. त्या शब्दात आपला नफा मिसळू नका. पैसे गुरुदासने एका दुपारी परत केले. विश्वास मात्र तो अजून एकेका वाक्याने फेडतो आहे.