दक्षिणेकडे तोंड

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत अंबडच्या कारखान्याच्या फाटकावर एक कागद चिकटवलेला दिसला. खंडेरावाने तो अक्षर लावून लावून वाचला. वाचायला तो पंचेचाळिशीत, प्रौढांच्या वर्गात शिकला होता, त्यामुळे भराभर वाचणारे दोन ओळींत पुढे निघून जात तिथे तो शेवटच्या सहीपर्यंत थांबत असे. मालाला उठाव नाही, पाणी तापत नाही अशा तक्रारी वाढल्या, सबब एकतीस मार्चला कारखाना बंद.

कारखाना उन्हावर पाणी तापवणाऱ्या यंत्रांचा. लोक त्याला नुसतं सोलर म्हणत. बेचाळीस माणसं तिथे कामाला होती. खंडेराव तांब्याच्या नळ्यांचे सांधे झाळायचा. अकरा वर्षांत त्याने दुसरं काही केलं नव्हतं, आणि चोपन्नाव्या वर्षी त्याला दुसऱ्या फाटकात कुणी उभं करणार नव्हतं. हे कळायला कागद वाचायची गरज नव्हती.

दुपारी फाटकाशी सभा भरली. कुणी म्हणालं घेराव घालू, कुणी म्हणालं कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेऊ. सगळे बोलून दमल्यावर खंडेराव म्हणाला, "पण पाणी तापत का नाय?"

हशा पिकला. पॅकिंगमधली मंगलाबाई म्हणाली, "घ्या. घर पेटलंय आन् हे इचारतात काडी कुठल्या छापाची होती."

"तसं नाय, मंगलाबाई. आवारातल्या आपल्या सोलरचं पाणी दुपारी बोट बुडवू देत नाय. तेच पॅनेल, तीच झाळ. मग लोकांच्या गच्चीवर गेल्यावरच त्याला काय होतं? सासरी गेल्यागत थंड का पडतं?"

प्रश्न लोंबकळत राहिला की मंगलाबाईला करमत नसे. "मग बघून या," ती म्हणाली.

"लोकांच्या घरात पार न्हाणीपर्यंत जायचं. मी एकटा बाप्या कसा जाऊ? तुम्ही चला."

"मोर्चाला माणसं कमी, आन् हे चालले गच्च्या बघायला," मागून कुणीतरी टोमणा मारलाच.

ऑफिसातल्या तक्रारवहीतून खंडेरावाने आपल्या हाताने पत्ते उतरवून घेतले. रविवारी दोघं निघाली. कॉलेज रोडला एका बंगल्यात पाणी कोमट. काच स्वच्छ, नळ्या शाबूत, झाळ पक्की. जेल रोडला तेच. खंडेराव सांधा न् सांधा चाचपून पाही आणि पुढचा पत्ता काढी. आपल्या हातचं काम चुकलेलं निघालं असतं तर निदान जीव तरी थाऱ्यावर आला असता.

पुढच्या रविवारी येवल्याची एसटी धरली. तिथे सिंधुबाई नावाच्या बाई मुलींचं वसतिगृह चालवत. त्यांच्या गच्चीवर चढेपर्यंत चार वाजून गेले होते. उतरतीचं असलं तरी ऊन चांगलंच लागत होतं. खंडेरावाने सगळं तपासलं, काही सापडलं नाही, तेव्हा तो दमून यंत्राच्या पुढे सावलीला टेकला. मंगलाबाईनेही पदराने वारा घेत शेजारी बैठक मारली.

"बरी सावली हाय," ती म्हणाली.

"लय बरी," खंडेराव म्हणाला, आणि मग हळूच उठला. त्याने काचेला हात लावला. काच गार. मागे जाऊन पत्र्याला हात लावला, तर चटका बसला.

"मंगलाबाई, ऊन पाठीवर पडतंय. तोंड सावलीत हाय याचं. आपल्या आवारातलं दक्षिणेला बघतं, हे पूर्वेला."

कॉलेज रोडचं? तेही पूर्वेला होतं. आणि जेल रोडचंही.

सिंधुबाई चहा घेऊन वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मीच फिरवायला लावलं फिटरला. तो दक्षिणेला तोंड करून बसवत होता. यमाची दिशा ती. पोरी राहतात इथं."

"आन् फिटरनं ऐकलं?"

"त्याला काय, ठेकेदाराचा माणूस. दोन बोल्ट आवळले नि गेला."

खंडेरावाला त्यांना बोल लावता येईना. त्याच्या घरी बायको नवसाबाई दिव्याची वात दक्षिणेकडे होऊ देत नसे, आणि तो स्वतः कधी तिकडे पाय करून झोपला नव्हता. सिंधुबाई तर यंत्राला हात लावू देईनात.

मग मंगलाबाईने बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "बाई, यम कुणाचा लेक?"

"सूर्याचा," सिंधुबाई म्हणाल्या.

"मग हा सोलर, म्हणजे बाप, लेकाच्या घराकडं तोंड करून बसला तर लेक कशाला रागवंल?"

सिंधुबाईंनी रिकाम्या कपबशा उचलल्या. "फिरवा," त्या म्हणाल्या. "पण एखाद्या पोरीला शिंक जरी आली तरी तुम्हालाच बोलावीन."

तिसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांचा फोन आला. शिंक कुणाला आली नव्हती. आता मुलींना न्हाताना कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालावं लागत होतं.

तेव्हापासून रविवार आला की जोड्या-जोड्यांनी माणसं बोल्ट फिरवायचे पाने घेऊन निघू लागली. दीड महिन्यात एकशे सदतीस गच्च्या पाहून झाल्या. एक्क्याण्णव सोलर पूर्वेला तोंड करून बसलेले. फिरवताना जागोजाग बापलेकाची गोष्ट सांगावी लागली.

मग मोर्चा निघाला, पण कलेक्टर कचेरीवर नाही. तो गंगापूर रोडला मालकांच्या बंगल्यावर गेला. शेखरशेठ बाहेर आले आणि सगळ्यांच्या हातातले पाने बघून दचकले.

"घाबरू नका, शेठ," मंगलाबाई म्हणाली. "तुमची गच्ची बघायची हाय फक्त."

शेठनी त्यांना वर नेलं. तिथलंही यंत्र पूर्वेला बघत होतं.

"आईनं सांगितलं होतं," शेठ खालच्या आवाजात म्हणाले. खंडेरावाने एक्क्याण्णव पत्त्यांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि बोल्ट सैल करायला बसला.

एकोणतीस मार्चला फाटकावरच्या कागदावर दुसरा कागद चिकटला. खंडेरावाने तो मोठ्याने वाचला, आणि या वेळी कुणी घाई केली नाही. कारखाना दिवाळीपर्यंत चालू राहील, मग मागणी पाहून ठरवू. यापुढे यंत्रं कारखान्याचीच माणसं बसवतील.

"नुसती दिवाळीपर्यंत?" मंगलाबाई म्हणाली.

"दिवाळी लांब हाय. मालेगावचे पत्ते राहिलेत आपले." खंडेरावाने खिशातून कागद काढला, आणि एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. "हे बघा. 'फक्त शुक्रवारी पाणी तापत नाही.'"

"शुक्रवारी सुट्टी, कापडाचे माग बंद असतात तिकडं. सगळं घर एकदम न्हात असंल, पाणी पुरंल कसं?"

"असंल," खंडेराव म्हणाला. "पण बघितल्याबिगर कसं सांगावं?"

मंगलाबाईने पिशवीत पाना टाकला.