भागीरथीबाईंचं पान

अविधवा नवमीला आमच्याकडे भागीरथीबाईंच्या फोटोला हार घालतात आणि पहिलं पान त्यांना वाढतात. या माझ्या यजमानांच्या पणजोबांच्या आई, अहेवपणी गेल्या. मी बर्मिंगहॅमला निघाले तेव्हा सासूबाईंनी फोटो साडीच्या घडीत घालून दिला. बत्तीस वर्षांत मी एकही नवमी चुकवलेली नाही. ईशिता झाली तेव्हा तिला बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "नाक भागीरथीबाईंचं घेतलंय पोरीनं!"

ही ईशिता, इथेच इंग्लंडात वाढलेली, केंब्रिजला जुन्या फोटोंच्या संग्रहात काम करते. आज स्कॅन करायचा म्हणून तिने फोटो फ्रेममधून काढला आणि थबकली. मग लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"आई, हा सेम फोटो आमच्याकडे आहे. लेबल बघ, 'ब्राह्मण लेडी'. आणि आता हे."

तीच बाई, तीच खुर्ची, तेच नाक. पण इथे मांडीवर टोपली आणि खाली 'भाजीवाली'. तिसऱ्या फोटोत तिच्याच हातात वीणा.

"स्टुडिओवाले मॉडेल बसवायचे. मग त्या फोटोचे कार्ड्स दुकानात विकायचे, लोकं अल्बममध्ये लावायचे. चांगल्या घरातला बायका तेव्हा फोटोला बसायचेच नाही, मोस्टली."

माझं डोकंच फिरलं. राग पोरीचा आला, स्टुडिओवाल्याचा की सासूबाईंचा, कोण जाणे. "म्हणजे बत्तीस वर्षं मी भलत्याच बाईला खीर-वडे वाढले?"

यजमान चष्मा पुसत म्हणाले, "पणजोबांकडे त्यांच्या आईचा फोटोच नव्हता, म्हणून हा विकत आणला असेल."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"छे! आत्ता सुचलं."

खरं बोलत होते की सारवासारव करत होते, तेही कळेना.

ईशिता नाक चाचपत होती. "मग माझा नाक कोणाचा आहे?"

जेवायला बोलावलेल्या सवाष्णीचा, श्यामलाचा, बसमधून मेसेज आला. दहा मिनिटांत पोचत होती. मी फोटो परत फ्रेममध्ये घातला, हार घातला आणि त्याच्यापुढे पान मांडलं. या बाईच्या नावाने कुणी कधी पान वाढलं असेल का? शेजारी दुसरं पान मांडलं, भागीरथीबाईंचं. त्यांच्या पानापुढे नुसती भिंत. मला रडू आलं. इतकी वर्षं मनातलं सगळं जिला सांगितलं ती ही परकी बाई, आणि जिला सांगतेय असं वाटायचं तिचं तोंडही मला माहीत नाही.

दारावरची बेल वाजली. खिरीची वाटी माझ्या हातातच होती. पहिली कुणाला वाढू?