गटातली चौथी

सांगून कोणाला खरं वाटणार नाही, पण पडद्याच्या कोपऱ्यातलं ते राखाडी डोकं – वाटाण्याएवढं, ना नाक ना डोळे, फोटो न लावणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाशेजारी विद्यापीठ जे चिकटवतं ते – तिच्याकडे बघून हसत होतं. तोंड नसताना हसत होतं, आणि हसताना त्याच्या गालाला खळी पडत होती. तिने चष्मा पुसला. खळी गेली, हसू राहिलं. हसा, ती म्हणाली, हसून घ्या, दुपारच्या मीटिंगमध्ये बघतेच एकेकाला.

चहा केव्हाच गार झाला होता, त्यावर साय धरली होती, आणि ती अजून गटाने पाठवलेलं तेच पान वाचत होती. 'डिजिटल बिझनेस' या मॉड्यूलचा हा पहिला आठवडा. पहिलं गटकार्य असं, की चौघांनी मिळून एक गिऱ्हाईक कल्पायचं – पर्सोना म्हणतात त्याला – आणि वय, सवयी, भीती, हौस सगळं ठरवून त्या न जन्मलेल्या माणसासाठी ऑनलाइन दुकान मांडायचं. गटात एक गटप्रमुख मुलगी, जिच्या बोलण्यात श्वास घ्यायला जागा नसे. एक दाढीवाला, ज्याचं प्रत्येक वाक्य 'बेसिकली'ने सुरू होई. एक कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद ठेवणारी, म्हणून नुसता काळा चौकोन. आणि चौथी ती स्वतः, तिघांच्या आयांपेक्षाही वयाने मोठी. तिला न विचारताच गिऱ्हाईक कल्पून झालं होतं. 'वय अठ्ठावन्न. टेक्नॉलॉजीला घाबरते. चष्मा डोक्यावर असताना टेबलावर शोधते. काहीही क्लिक करण्याआधी विचारते – करू का? मुलीवर अवलंबून.' शेजारच्या चित्रात पांढऱ्या केसांची कुठलीशी बाई लॅपटॉपकडे बघून इतकी खूश झाली होती, की आतून कोणी तिला गुदगुल्या करत असावं.

चष्म्याचं तर कालच्याच ओळखीच्या मीटिंगमधलं. काल सगळ्यांदेखत तिने तो शोधला, आणि गटप्रमुख किती मायेने म्हणाली होती, काकू, डोक्यावर. सगळे हसले. मीही हसले... मी हसत होते आणि ही कार्टी लिहून घेत होती.

नवऱ्याला दाखवलं. घरचं दुकान बंद झाल्यापासून ते रोज पेपर जाहिरातींसकट वाचत, वधू-वर पाहिजेत हेसुद्धा सोडत नसत. त्यांनी हे पानही तसंच संथपणे वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, यात खोटं काय आहे?

"अहो, खोटं नाही म्हणून तर," ती म्हणाली, आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

खोटं असतं तर भांडता आलं असतं. पण हे खरं, शब्दन् शब्द खरं, आणि तरी असं की अंगाची आग व्हावी – टेबलाशी खुर्च्या तीनच, आणि गटातली चौथी टेबलावर, बेडकासारखी उताणी, चारी पायांना टाचण्या. आता पोट फाडून बघा, मुलांनो, आत काय काय आहे. आणि बेडकीनेच फी भरलेली! मुलीने सांगितलं होतं, आई, तू जा, तुला जमेल, अनुभवावर प्रवेश देतात. अनुभव म्हणजे काय, तर अर्धं आयुष्य चपलाबुटांचं दुकान. खोके काढा, खोके लावा, गुडघे टेकून लोकांच्या पायात बूट घाला... बायका पायाचं माप नेहमी एक नंबर कमी सांगत, पुरुष एक जास्त. ती योग्य तोच नंबर काढून आणी आणि खोक्यावरचा आकडा अंगठ्याखाली धरी.

शेवटी शेवटी तरुण पोरं येत. चार-चार जोड बघत, दुकानभर चालून बघत, आरशात घोटे बघत, ती खाली बसून नाड्या बांधून देई – आणि मग ती पोरं बुटाच्या जिभेवरच्या नंबराचा फोटो काढत. तिच्यासमोर. ती अजून गुडघ्यांवरच असताना. थँक्यू काकू, म्हणत, आणि बाहेर पायरीवर उभं राहून फोनवर तोच बूट मागवत. तिला काचेतून दिसे.

काल मॉड्यूलच्या पहिल्या व्हिडिओत लिंबू रंगाच्या शर्टातल्या मास्तरांनी सांगितलं, याला शोरूमिंग म्हणतात. एक निळा बाण, एक हिरवा बाण. दुकानात बघायचं, ऑनलाइन घ्यायचं. ज्यांनी हा बदल ओळखला नाही ते मागे पडले, आता पुढच्या मुद्द्याकडे वळू या... तिने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा ऐकला होता, पुन्हा मागे नेला होता. निळ्या बाणाच्या टोकाशी कोणीही बाई बसलेली नव्हती. म्हणजे एका बाणातून मला पुसलं आणि दुसऱ्या दिवशी पर्सोना करून परत काढलं, आणि या दोन्हींच्या मधे कुठेतरी मी आहे ना? वर्गात? हजेरीत?

दुपारी मीटिंग सुरू झाली. तिने वाक्य पाठ केलं होतं – ते चित्र काढून टाका, मी या गटाची सदस्य आहे. साधं, ताठ वाक्य. गटप्रमुख म्हणाली, काकू, पर्सोना आवडला का, तुमच्यामुळे इतका ऑथेंटिक झालाय! दाढीवाला म्हणाला, बेसिकली तुम्ही म्हणजे आमचा सोन्याचा डेटा. आणि तिचं ते ताठ वाक्य घशात आलं, तिथेच वळलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

ती म्हणाली की तुम्ही शाळेतही जात नव्हता तेव्हापासून माझं दुकान ऑनलाइन होतं.

"वॉव," गटप्रमुख म्हणाली.

कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण जीभ धावत सुटली होती. परदेशातली गिऱ्हाइकं, ती सांगू लागली, घरच्या स्कॅनरवर अनवाणी उभी राहत, आधी डावा पाय, मग उजवा, आणि पायाचं चित्र ईमेलने पाठवत. अख्खी कुटुंबं. एका गृहस्थाचं वजन इतकं, की त्याच्या टाचेची रेघन् रेघ उमटे. मी नुसत्या अंगठ्यावरून सांगे, याला बूट इथे चावणार. समुद्रापलीकडे पेट्याच्या पेट्या जात... एकदा तर एकाने घोड्याचा खूर पाठवला.

"खूपच इन्स्पायरिंग," गटप्रमुख म्हणाली, टाइप करता करता. दाढीवाला मान डोलवत होता, लहान मुलाचं चित्र बघताना डोलवतात तशी. घोडासुद्धा चालला यांना! अडवायला कोणी तयार नाही... भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने तरी पोपडा टाकला असता. आता काय सांगू – हत्ती? काय सांगितलं म्हणजे ही मुलं म्हणतील, थांबा?

तेवढ्यात काळ्या चौकोनाच्या कडेला हिरवी रेघ पेटली. माइक चालू झाला होता. आधी नुसती खरखर, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी, मग एक बारीक, चिडका, कोणाला बरं वाटावं म्हणून अजिबात न बोलणारा आवाज: एक मिनिट, थांबा.

गटप्रमुखाने घाईघाईने म्हटलं, अगं, काकू बोलतायत ना. पण तिने हात वर करून त्या पोरीला अडवलं, पुढे वाकली, इतकी पुढे की तिच्या श्वासाने पडदा धुरकटला. सकाळपासूनचा राग तसाच होता, जराही कमी नाही, पण त्याला आता समोर उभं राहणारं कोणी मिळालं होतं, आणि तिला कळेना की आपल्याला इतकी भूक अचानक कशी लागली.

"बोल गं तू," ती म्हणाली.

"थापा मारताय तुम्ही, काकू. स्कॅनरवर माणूस उभा राहिला तर काच फुटते. मी फोडलीय."